निरोप न घेता उठलेली पंगत

वेंग जिनश्वे कधी कुठल्या कामाला उशिरा पोचला, असं गावात कुणी सांगणार नाही. श्यामेनची पहिली बोट किनमेनच्या धक्क्याला नऊला लागते. हा पावणेआठलाच धाकट्या भावाला घेऊन येऊन बसला होता. अंगात काळा कोट, खाली कालवांच्या कामाचे रबरी बूट. दुसरे बूट होते, पण गुडघे धरलेल्या माणसाला वाकून नाड्या बांधणं जमत नाही, आणि बायकोकडून बांधून घेणाऱ्यांतला तो नव्हता.

दारावरच्या शिपायानं ओळखलं. "आजोबा, पुन्हा आलात?"

"आजोबा कुणाला म्हणतोस? ओहोटीला ये माझ्याबरोबर, चिखलात दोन तास. कोण आधी बसतं बघू."

शिपाई हसला आणि त्यानं आत जायची खूण केली. खुर्च्या प्लास्टिकच्या, एकमेकींना जखडलेल्या. एक माणूस हलला की सगळी रांग हलते. जिनश्वे बसला, तशी मिंगफाची खुर्चीही हलली. मिंगफा काही बोलला नाही. तो तसा बोलतच नाही.

ही तिसरी खेप. मिंगफाची बायको जूयिंग पलीकडच्या किनाऱ्यावर, श्यामेनला माशाचे गोळे करायच्या दुकानात कामाला. मूळची ज्यांग्शीच्या डोंगरातली. लग्न होऊन दीड वर्ष झालं, पण नवऱ्याच्या घरात तिनं एकही रात्र काढली नव्हती. पलीकडचं सरकार वेगळं, म्हणून तिकडून नवरी आली की धक्क्यावर दोघांची तपासणी होते. ती एका खोलीत, तो दुसऱ्या खोलीत, प्रश्न तेच. उत्तरं जुळली तर नवरी आत, नाही जुळली तर परतीच्या बोटीत. पैसे घेऊन कागदापुरती लग्नं लावणारे पुष्कळ झाले, म्हणून ही चाळण. जूयिंग दोनदा चाळणीत अडकली होती. दोन्ही वेळा हातात कागद आला, त्यावर एकच ओळ: जबाब जुळत नाहीत. कुठला जबाब, ते लिहिलेलं नव्हतं. मागच्या खेपेला मात्र तपासणीच्या बाईंनी तोंडी सांगून टाकलं होतं, की पुढच्या वेळीही असंच झालं तर प्रकरण बंद करून टाकू, मग अर्ज करत बसू नका.

मिंगफा शनिवारी बोटीनं जायचा आणि रविवारी परत यायचा. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, खांद्याला पिशवी, पिशवीत सोललेली कालवं बर्फात. गावातले म्हणायचे, मिंगफाला बायको मिळाली ती भाड्यानं, आठवड्याला एक दिवस. जिनश्वेच्या समोर कुणी म्हणालं नाही. म्हणालं असतं तर कळलं असतं.

आता जिनश्वे म्हणजे कोण, हे सांगायला हवं. शिक्षण सहावी, तीही पुरी नाही. बाप गेला तेव्हा हा एकविसाचा, मिंगफा सातचा. गावाच्या खाजणात दगडी खांबांचं बापाचं रान होतं, त्यावर कालवं धरतात. वादळानं अर्धे खांब आडवे केलेले. लोक म्हणाले, विकून टाक. यानं एका हिवाळ्यात एकट्यानं चारशे खांब उभे केले. कमरेएवढ्या पाण्यात, माणूस न लावता. आजही त्या किनाऱ्यावर सरळ रांग दिसली की समजावं, ती वेंगची. कालव फोडायला त्याला लागतात दोन श्वास, बाकीच्यांना पाच. आणि आतलं मांस फाटत नाही. शिक्षण नाही म्हणून तो कधी खाली बघून चालला नाही. उलट शिकलेल्यांनाच तो विचारायचा, तुमच्या पुस्तकात भरतीची वेळ कुठल्या पानावर आहे?

तर असा माणूस दोनदा या खुर्चीवर बसून, हात हलवत घरी गेला होता. पहिल्या खेपेनंतर त्यानं एक वही केली. तपासणीत काय काय विचारतात ते ज्याला त्याला विचारून दोनशे प्रश्न लिहून काढले, मोडक्या अक्षरात. दात घासायचा ब्रश कुठल्या रंगाचा, पलंगाच्या कुठल्या अंगाला कोण झोपतं, सासूचं माहेरचं आडनाव काय. रोज संध्याकाळी फोन लावून दोघांची उजळणी. जूयिंग पाठ म्हणायची आणि मिंगफा हूं म्हणायचा. जिनश्वेची बायको चुलीपाशी बसून म्हणायची, "एवढा अभ्यास शाळेत केला असतात तर आज मास्तर झाला असतात."

"मास्तर होऊन काय? त्याच्याकडे चारशे खांब आहेत का?"

वही तोंडपाठ झाली. तरी दुसऱ्या खेपेलाही नाहीच जमलं. कुठं अडतंय, ते कळेना. माणूस किती आणि काय काय पाठ करणार?

नऊला बोट लागली. काचेपलीकडून लोक येऊ लागले. सुक्या मासळीचे डबे, दोरीनं बांधलेली खोकी, झोपलेली पोरं. जूयिंग सगळ्यात मागं होती. हातात एकच पिशवी. पहिल्या खेपेला तिनं तीन आणल्या होत्या. तिनं दोघांकडे पाहिलं, मान थोडी हलवली. लगेच एक माणूस तिला डावीकडे घेऊन गेला. दोन मिनिटांनी मिंगफाला उजवीकडे बोलावलं.

"वहीतलं आठवतंय ना?" जिनश्वेनं विचारलं.

"आठवतंय, दादा."

"आणि बोल. हूं करू नको तिथं."

"हूं," म्हणाला आणि गेला.

जिनश्वे बसून राहिला. दहा वाजले, साडेदहा वाजले. भिंतीवरचा पंखा एका बाजूला जाऊन अडायचा, खर्रकन आवाज करायचा, परत यायचा. उन्हाळा नव्हता, तरी चालूच. कोटाच्या आत घाम आला. बरोबर डब्यात पेज आणली होती, ती उघडावीशी वाटली नाही. आधीच्या दोन खेपांना तो येरझाऱ्या घालायचा, शिपायाशी वाद घालायचा, माझ्या भावाला एवढा वेळ का म्हणून विचारायचा. आज उठावंसंच वाटेना. आयुष्यभर तो पाण्याशी भांडला. पाणी निदान दिवसातून दोनदा मागं तरी सरतं. हे दार एकदा मिटलं की मिटलं.

सव्वाअकराला दार उघडलं. "वेंग जिनश्वे कोण?"

त्याला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मग तो उठला, कोट खाली ओढला आणि आत गेला. दोन खेपा त्यानं हेच म्हटलं होतं, मला विचारा, मी सांगतो. आता कुठं सुचलं यांना.

खोलीत टेबल, एक फोन, आणि काओ मॅडम. तिन्ही खेपांना याच होत्या. पस्तिशीच्या, डोळ्यांखाली काळं. समोर अर्धवट खाल्लेलं बिस्किट आणि जाड फाईल.

"बसा, काका."

"उभा बरा आहे."

"बसा. मला मान वर करून बोलायचं त्राण नाही."

तो बसला.

"साखरपुड्याला तुम्ही गेला होतात?"

"गेलो होतो म्हणजे? मीच नेलं सगळ्यांना. श्यामेनहून गाडी केली, आठ तासांचा रस्ता. सहा माणसं, मोजून. बापाच्या जागी मी होतो."

"जेवणात शेवटी काय वाढलं?"

हा प्रश्न वहीत नव्हता. पण त्याला वही लागतच नव्हती. "मासा. वाफवलेला. मोठा होता, पण तळ्यातला. चिखलाची चव लागते त्याला. आमच्या मासळीची सर नाही."

"त्यानंतर?"

"त्यानंतर आम्ही उठलो."

"सोडायला बाहेर कोण आलं?"

"कुणी नाही. कोण कशाला येईल?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तुमच्या भावानं तिन्ही वेळा हेच सांगितलं. मासा खाल्ला, उठलो, कुणी सोडायला आलं नाही. असं का, विचारलं तर म्हणतात, दादाला विचारा. म्हणून तुम्हाला बोलावलंय." त्यांनी पानं उलटली. "त्यांच्या बायकोनं दोन्ही वेळा काय सांगितलं, ऐका. शेवटी कमळाच्या बियांचं गोड सूप होतं. पाहुण्यांनी वाडगे पुसून खाल्ले. मग त्यांची आई फाटकापर्यंत सोडायला आली आणि गाडीत संत्र्यांची पिशवी ठेवली. आता तुम्हीच सांगा, हे दोघं एकाच जेवणाला बसले होते का?"

जिनश्वेचा चेहरा तापला. "आमच्या घरात खोटं बोलणारी सून येणार नाही."

"बोलली ती. आज मी तिला तिसऱ्यांदा विचारलं, तर रडायला लागली. म्हणाली, सूप यायच्या आत सगळे उठून गेले. एक शब्द बोलले नाहीत. मागं वळूनही पाहिलं नाही." मॅडम फाईल न बघता बोलत होत्या. "तिचं हे दुसरं लग्न. तिला वाटलं, घटस्फोट झालेली म्हणून तुमच्या माणसांना पसंत पडली नाही, अर्ध्या जेवणातून उठले. आई म्हणाली, कुणाला कळू द्यायचं नाही. म्हणून सूप, म्हणून संत्री. नवऱ्याला विचारायची तिला भीती वाटत होती. तो हो म्हणाला असता तर?"

पंख्याचा खर्र आवाज बाहेरून आत येत होता.

"बाई," जिनश्वे म्हणाला, "साखरपुड्याचं जेवण मुलीकडे असतं. शेवटचं गोड यायच्या आत मुलाकडच्यांनी उठायचं. निरोप घ्यायचा नाही, येतो म्हणायचं नाही, मागं बघायचं नाही. मुलीकडच्यांनी सोडायला यायचं नाही. निरोप घेतला की ते लग्न पुन्हा करावं लागतं, म्हणजे पहिलं मोडतं. माझ्या बापाच्या वेळी असंच झालं, माझ्या वेळी असंच झालं. हे कुणाला सांगायचं असतं का?"

"मी डोंगराकडची आहे," मॅडम म्हणाल्या. "आमच्याकडे पाहुणा न सांगता उठला तर कुत्रीसुद्धा भुंकतात. ज्यांग्शीत हे माहीत आहे का कुणाला?"

"माहीत नसेल तर…" तो थांबला. तिथल्या लोकांना हे माहीत नसेल, असं त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं. सगळ्यांच्या पुढं तो ताठ उठला होता, पाच माणसं त्याच्या मागून उठली होती, एकाचीही खुर्ची वाजली नव्हती. गाडीत बसल्यावर तो म्हणाला होता, बघा, असं उठतात. पद्धत म्हणजे पद्धत. त्याला त्या दिवसाचा अभिमान होता, आजपर्यंत.

"काका, माझी अडचण समजून घ्या," मॅडम म्हणाल्या. "कागदावर दोनदा एक जबाब, तिसऱ्यांदा दुसरा. आता तुम्ही रीतीचं सांगता. उद्या वरचे विचारतील, नवरीला शिकवून पाठवली आणि दिराकडून गोष्ट जोडून घेतली, तर मी काय सांगू?"

"मग तिच्या आईला विचारा."

"तेच करणार आहे." त्यांनी नंबर लावला आणि फोनचा आवाज मोठा केला.

म्हातारीनं लगेच उचलला. मॅडमनी आपण कोण ते सांगितलं, मग विचारलं, साखरपुड्याच्या दिवशी पाहुणे कसे गेले?

"छान जेवून गेले, साहेबबाई. सूप आवडलं त्यांना. मी स्वतः सोडायला गेले फाटकापर्यंत. संत्री दिली आमच्या झाडाची."

मॅडमनी जिनश्वेकडे पाहिलं. म्हातारी पलीकडून अजून तेच खोटं धरून बसली होती, आणि तिला ते सोडायला लावणं या खोलीत एकालाच जमणार होतं. म्हातारीला आपल्या लेकीची लाज झाकायची होती. ती कशी सोडणार? सोडायचं तर याला पुढं व्हायला हवं होतं.

त्यानं आयुष्यात चूक झाली असं कधी म्हटलं नव्हतं. बायकोला नाही, भावाला नाही. एकदा भर वादळात होडी आपटली, तेव्हासुद्धा तो म्हणाला होता की खडक चुकीच्या जागी होता.

"विहिणबाई," तो फोनकडे वाकून म्हणाला. "मी जिनश्वे. मिंगफाचा थोरला भाऊ."

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"बाईंना खरं सांगा. आम्ही सूप खाल्लं नाही. आम्ही न सांगता उठलो. मी उठवलं सगळ्यांना."

"असं काही नाही," म्हातारी घाईनं म्हणाली. "तुम्हाला आठवत नसेल. तुम्ही दमला होता."

"मी दमत नाही," तो म्हणाला, मग थांबला. "ती आमच्याकडची रीत आहे. शेवटच्या गोडाआधी उठायचं, निरोप घ्यायचा नाही. लग्न टिकावं म्हणून. तुमच्या लेकीत काही खोट नव्हती. जेवणात नव्हती. खोट माझ्यात होती. तुमच्याकडे असं नसतं, हे मी विचारलंच नाही. माझी चूक झाली."

फोनमधून कोंबड्यांचा आवाज येत होता.

"मी सूपाचा वाडगा घेऊन रस्त्यापर्यंत धावले होते," म्हातारी म्हणाली. आता तिचा आवाज निराळा होता, जड आणि हळू. "हाका मारल्या. तुमची गाडी थांबली नाही. अख्खं गाव बघत होतं. दीड वर्ष मी बाजाराला मागच्या वाटेनं जाते. दोन दिवसांनी नोंदणीला गेलात तेव्हा मी आले नाही. पाय दुखतात असं कळवलं. पाय दुखत नव्हते माझे."

"हो," जिनश्वे म्हणाला. त्याला आठवलं, त्या दिवशी गाडीच्या मागच्या काचेत कुणीतरी धावताना दिसलं होतं. चालकानं वेग कमी केला होता. जिनश्वेनंच सांगितलं होतं, थांबू नको.

"तुमच्याकडे उठायची रीत आहे," म्हातारी म्हणाली. "परत यायची आहे का काही?"

"आहे," तो म्हणाला. अशी काही रीत नव्हती.

मॅडमनी फोन घेतला, तारीख विचारली, पाहुणे किती होते, गाडीचा रंग कोणता, कोण कुठं बसलं होतं. म्हातारीनं एकेक सांगितलं. आता तिला काही लपवायचं नव्हतं, त्यामुळं ती थांबेचना. मॅडम लिहीत गेल्या. फोन ठेवल्यावर त्यांनी डोळे चोळले.

"बाहेर बसा, काका. मला वर विचारावं लागेल."

"आत येईल ना ती?"

"बाहेर बसा."

तो पुन्हा त्या खुर्चीवर येऊन बसला. बारा वाजले, मग दोन. शिपायानं पाणी आणून दिलं आणि या वेळी आजोबा म्हणाला नाही. साडेतीनची परतीची बोट लागली होती. माणसं चढत होती. जिनश्वेनं काचेतून प्रत्येक बाईचं तोंड पाहिलं. जूयिंग त्यात नव्हती. बोटीनं भोंगा दिला, तरी त्याला खात्री वाटेना. बोट धक्क्यापासून सुटून चांगली लांब गेली, तेव्हा कुठं त्यानं कोटाची बटणं सोडली.

चार वाजता दोघं बाहेर आली. मिंगफाच्या हातात पिशवी होती, जूयिंगच्या हातात कागद. तिचे डोळे सुजलेले होते. मागून काओ मॅडम आल्या, म्हणाल्या, "तीस दिवस राहायची परवानगी. आजचा धरून. तीस दिवसांनी पुन्हा तिघंही यायचं, पुन्हा विचारू. तेव्हा काय ते पक्कं."

"आजचा धरून? आजचा तर संपला की."

"नियम मी केला नाही, काका," मॅडम म्हणाल्या आणि आत गेल्या. उरलेलं बिस्किट त्यांच्या हातातच होतं.

जूयिंग त्याच्यासमोर उभी राहिली. तिला आत काय सांगितलं होतं, किती सांगितलं होतं, त्याला ठाऊक नव्हतं. ती काही विचारेल असं वाटून त्यानं बुटांकडे बघायला सुरुवात केली.

"भाऊजी, सकाळपासून काही खाल्लं नाही तुम्ही," ती म्हणाली.

"भूक नव्हती."

"दादा, आत काय म्हणालास त्यांना?" मिंगफानं विचारलं. त्याच्या हिशोबानं हे फार मोठं वाक्य होतं.

"विचारलं ते सांगितलं." तो उठायला गेला, पण गुडघे उठले नाहीत. त्यानं तसंच बसून घेतलं. "तुम्ही व्हा पुढं. बस जाईल."

"बस अजून वीस मिनिटांनी आहे," जूयिंग म्हणाली आणि शेजारच्या खुर्चीवर बसली. मग मिंगफाही बसला. सगळी रांग हलली. तिघं समोरच्या रिकाम्या धक्क्याकडे बघत राहिले. संध्याकाळच्या वाऱ्यानं दार आपोआप उघडत होतं आणि मिटत होतं.

थोड्या वेळानं जिनश्वेनं कोटाच्या आतल्या खिशातून ती वही काढली. मागचं कोरं पान उघडलं आणि पेनासकट जूयिंगपुढं धरलं.

"तुझ्या आईचा नंबर लिही. मोठ्या आकड्यांत, मला दिसला पाहिजे."

"कशाला, भाऊजी?"

"विचारायचंय, तिकडं जायच्या आधी," तो म्हणाला. "तुमच्या गावात बाजार कुठल्या वारी भरतो ते. आणि किती वाजता सगळ्यात जास्त माणसं असतात."